चौकोन जोडल्याशिवाय कागद काढू नये, असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

सुईदोरा
कागदावर नकाशा छापायचा, मागच्या बाजूला कापडाचे तुकडे लावायचे, छापलेल्या रेघेवरून टीप मारायची आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. या पद्धतीने गोधडीचे चौकोन शिवणाऱ्यांसाठी हा धागा आहे. शिवण्याबद्दल आपलं फारसं दुमत नसतं. वाद होतो तो कागद कधी काढायचा यावर.

मी म्हणते, चौकोनाला चारही बाजूंनी शेजारी मिळेपर्यंत कागदाला हात लावू नये.

गेल्या वर्षी भाचीसाठी ३६ चांदण्यांची गोधडी शिवायला घेतली, सहा ओळी, प्रत्येकीत सहा चौकोन. कापड आईच्या जुन्या मलमलच्या साड्यांचं. एकेक चौकोन झाला की लगेच कागद फाडत गेले. चांदणीत बाहेरच्या कडा बऱ्याचदा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरक्या येतात, आणि उरेब मलमल नुसती इस्त्री फिरवली तरी ताणते. एका चौकोनात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढलं तर डोळ्याला दिसतही नाही. सहांच्या ओळीत तेच पाऊण इंच होतं. कुठली ओळ वाढली, कुठली नाही, टोकं जुळेनात. अख्खी गोधडी उसवली. आईच्या साड्या होत्या, नवीन कापड आणून भागणार नव्हतं.

कागद असता तर दोन्ही कोपऱ्यांतल्या रेघांमधून टाचणी आरपार घालून टोकावर टोक बसवता आलं असतं.

बारीकटीप
ताई, साड्यांचं वाचून वाईट वाटलं. पण दोष कागद लवकर काढण्याचा नाही, कडा मोकळ्या ठेवण्याचा आहे.

मी प्रत्येक चौकोन आधीच मोकळा करते. फाडण्यापूर्वी कडेपासून एक सूत आत चारी बाजूंनी टीप मारते. शिवणीसाठी सोडलेलं मार्जिन पाव इंच, म्हणजे दोन सूत, त्यामुळे ती टीप पुढे शिवणीत लपते. मलमल असेल तर कापायच्या आधीच भाताच्या पेजेची खळ देते. मग कड ताणत नाही.

आणि कागदासकट जोडण्याचा त्रास तुम्ही मोजलाच नाही. जोडाच्या शिवणीत दोन कागद अडकतात. आठ टोकं एकत्र येतात तिथे ते चिमट्यानेसुद्धा निघत नाहीत, ओढले की टाका सैल होतो. शिवाय ३६ कागदांचं ते कडक ओझं घरगुती मशीनच्या हाताखालून वळवायचं!

सुईदोरा
टाका सैल होतो तो लांब असल्यामुळे. दीड मिलिमीटरचा टाका आणि १४ नंबरची सुई घ्या. जुन्या काळ्या मशीनवर इंचात किती टाके ते पट्टीवर लिहिलेलं असतं, तिथे काटा १५ आणि २० च्या मध्ये ठेवा. भोकं इतकी जवळ पडतात की कागद पोस्टाच्या तिकिटासारखा सुटतो. फाडताना शिवणीवर अंगठ्याचं नख दाबून धरायचं आणि कागद टाक्याच्या दिशेने ओढायचा, वर नाही.

जोडातल्या कागदाबद्दल मात्र तुमचं खरं आहे. मी आता जोड शिवला की मार्जिनमधली तेवढीच पट्टी लगेच काढते आणि मग इस्त्री करते. मधला कागद शेवटपर्यंत राहतो.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत राहते. इथे वाणसामानाच्या दुकानात फ्रीझर पेपर मिळतो, एका बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असलेला. गरम इस्त्रीने तो कापडाला चिकटतो. रेघेवर घडी घालून घडीला लागून टीप मारायची, कागदातून सुई जातच नाही. शेवटी सोलून काढायचा आणि पुढच्या चौकोनाला तोच वापरायचा. फाडण्याचा प्रश्नच उरत नाही. तुम्ही दोघी नको त्या कामावर वाद घालताय, असं मला मनापासून वाटतं.

बारीकटीप
आमच्या गावात तो मिळत नाही. साध्या झेरॉक्सच्या कागदावर घडी घालून करून पाहिलं, कापड सरकतं. आणि एक विनंती, वर्तमानपत्राचा कागद कोणी वापरू नका. इस्त्रीखाली शाई पांढऱ्या कापडावर उतरते.

वाकळ
कागद हवाच कशाला? जुन्या धुतलेल्या सुती कापडावर नकाशा काढा आणि त्यावरच तुकडे शिवा, ते आतच राहू द्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लॉग केबिनचे, म्हणजे मध्याभोवती पट्ट्या जोडत नेलेले चौकोन असेच कापडावर शिवत. आमच्या आजीच्या वाकळीत चार-चार थर असायचे, त्यात एकाने काय बिघडतं?

सुईदोरा
वाकळीचे थर सलग असतात, धावदोरा लांब आणि सुई जाड. इथे प्रत्येक टोकावर आधीच सहा-सात पदर साचलेले. खाली अजून एक कापड आलं की हाताने बारीक टाका घालताना बोटं सोलतात. लॉग केबिनला सरळ पट्ट्या, तिथे ते चालतं. चांदणीला नाही.

जुनेकागद
इंग्लंडमध्ये हाताने षटकोन जोडलेल्या जुन्या, अर्धवट राहिलेल्या चादरींत कागद तसेच राहिलेत. जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, वर्तमानपत्रं. त्यांवरून काम कधीचं ते कळतं. कागद काढलाच पाहिजे हेही गृहीत धरू नका.

सुईदोरा
त्या संग्रहालयात आहेत. भाचीची गोधडी महिन्याला धुतली जाणार, आत कागदाचा लगदा होऊन गोळे होतील.

बारीकटीप
मूळ मुद्द्यावर परत येते. बाहेरच्या कडेला येणारा तुकडा उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापला, तर कड उरेब येणारच नाही. माझे चौकोन कागदाशिवाय आठ-आठ महिने डब्यात पडून असतात, तरी मापात राहतात. मी कशासाठी थांबू?

सुईदोरा
तुम्ही ताग्यातून कापता. माझ्याकडे साडीच्या काठाशेजारची वीतभर चांगली जागा उरलेली असते. तुकडा जसा बसेल तसाच लावावा लागतो, धागा निवडायची सोय नसते. कागद मला तिथेच लागतो.