सोलरने सोसायटीचं वीजबिल शून्य होतं का?

घोडबंदर रोड, ठाणे: लिफ्ट-पंपाला महिन्याला 3,000 युनिट लागतात. विक्रेता म्हणतो, 20 किलोवॉट बसवा. बिल शून्य, लाइट गेली तरी लिफ्ट चालेल. ग्रुपवर कुणी हिशेब विचारत नाही. खरं काय?

ऐरोली: गुणाकार करा. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे 20 किलोवॉटला महिन्याला 2,400, तुमच्या 3,000 पेक्षा कमी. पावसाळ्यात बरेच कमी. बिलातला स्थिर आकार (वापर कितीही असो, लागणारी ठरलेली रक्कम) भरावाच लागतो. बिनसावलीची साधारण 2,000 चौरस फूट गच्ची हवी. टाकीची सावली डिसेंबरात तपासा, तेव्हा ती सर्वांत लांब पडते. तरीही बसवाच, फायदा मोठा आहे.

वाशी: लाइट गेल्यावर बॅटरीविना सोलरवर लिफ्ट चालणार नाही. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर लाइट जाताच बंद होतो, नाहीतर सोलरची वीज लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. कोटेशनमध्ये वार्षिक युनिटची हमी लिहून घ्या.