रकाना भरला, पण चष्मा मिळाला का?

शाळेतल्या आरोग्य तपासणीबद्दल 'शंभर टक्के मुलांची तपासणी झाली, म्हणजे सेवा चांगली' असं गणित मांडलं जातं, ते मला पटत नाही. मुलांची तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा तपासणी पथकानं यायचं, असा नियम. आलं, की रकाना भरतो.

गोव्यात आमच्या पेडण्याकडच्या शाळेत मी पालक म्हणून मदतीला उभा होतो. डोळ्यांचा तक्ता 6 मीटरवर हवा. वर्ग लहान, म्हणून तो चार बाकांपलीकडे टांगलेला, आणि रांगेतली पोरं पुढच्याचं ऐकून अक्षरं घडाघडा म्हणत होती. सगळे पास! माझ्या मुलीला चष्मा लागतो हे पुढे बाईंच्या लक्षात आलं, ती फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवायची म्हणून.

एका मुलाला डॉक्टरकडे जायची चिठ्ठी मिळाली, ती चवथीपर्यंत दप्तरातच. म्हापशाला न्यायचं तर बापाचा रोज बुडतो.

म्हणून मोजायचं ते हे: चिठ्ठीवाल्यांपैकी किती जण डॉक्टरपर्यंत पोचले, किती जण सहा महिन्यांनीही चष्मा घालतात. लोहाच्या गोळ्याही वाटलेल्या नव्हे, गिळलेल्या मोजा. (उपाशीपोटी मळमळतं, मग त्या खिडकीखाली सापडतात.)