एम.ए. मानसशास्त्र झाल्यावर गावाकडेच काम मिळेल का?

पैनगंगाकाठ: धाकट्या बहिणीचं अमरावती विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. संपत आलंय. तिला दारव्हा-दिग्रस भागातच काम करायचं आहे. एवढ्या पदवीवर पेशंट पाहता येतात का, की अजून शिकावं लागेल?

मेळघाट: भाऊ, समुपदेशक म्हणून काम करता येतं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी मात्र लावता येत नाही. त्यासाठी एम.ए.नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पूर्णवेळ क्लिनिकल अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी हवी. पोरं फसतात ती इथंच: आधी फी भरतात, संस्था यादीत नाही हे मागून कळतं. परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आणि मान्यता कोणत्या सत्रापर्यंत आहे, हे तिन्ही पाहा. यासाठीच्या जुन्या एम.फिल. अभ्यासक्रमाची जागा आता नवे अभ्यासक्रम घेताहेत, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. २०२५ पासून मानसशास्त्राला दूरस्थ प्रवेशही बंद झाले आहेत.

कापूसवेचा: सध्याच्या पदवीवर एचआयव्ही तपासणी केंद्रातलं समुपदेशकाचं पद आणि रुग्णालयातलं किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिक पाहा. बहुतेक जागा कंत्राटी असतात.
पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची चाळणी तिनं आतापासून पक्की करावी. १० किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी. पण नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्याहून जास्त गुण आले, तर बेरीज कितीही कमी असो, माणसाला तसंच घरी पाठवायचं नाही. घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय हे विचारायचं, नातेवाइकाकरवी ते त्याच दिवशी घराबाहेर कुलपात ठेवायला लावायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून द्यायची. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा.

सातपुडा: क्लिनिकलची नोंदणी झाली तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मुलांची बौद्धिक तपासणी हे मोठं काम आहे, आणि माझ्या मते आपल्या भागात सर्वांत जबाबदारीचं. धारणीहून पहाटेच्या एसटीनं उपाशी आलेलं, घरी कोरकू बोलणारं लेकरू मराठी प्रश्नांपुढं गप्प बसतं. बुद्ध्यंक खाली येतो आणि चुकीचा शिक्का बसतो. आधी त्याला खाऊ घाला. कोरकू येणारं कुणी नसेल तर भाषेच्या चाचणीचे गुण धरू नका, सेगुइनच्या लाकडी ठोकळ्यांच्या पाटीसारखी बिनभाषेची चाचणी घ्या. आईला विचारून जेवण, कपडे, शेळ्या राखणं, दुकानातून सामान आणणं याची नोंद करा. नुसत्या बुद्ध्यंकावर बौद्धिक दिव्यांगतेचं निदान होत नाही. प्रमाणपत्राच्या शिबिरात गर्दी असली तरी घाईत उरकू नका, शंका राहिली तर दुसऱ्या दिवसाची तारीख द्या.