सल्ला हवा: शेव्हरोले ३५० इंजिनासाठी कमी खर्चात कनेक्टिंग रॉड कोणते घ्यावेत?

मिशिगनवासी:
नमस्कार मंडळी. मी नोकरीनिमित्त डेट्रॉइटजवळ राहतो आणि गेल्या हिवाळ्यापासून १९७८ सालच्या शेव्हरोले पिकअपचे ३५० घन इंचांचे व्ही-८ इंजिन गॅरेजमध्ये उघडून बसलो आहे. सिलिंडर ०.०३० इंचाने मोठे बोअर करावे लागणार असल्याने पिस्टन नवे येणारच आहेत. क्रँकशाफ्ट (पिस्टनांच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा) मूळचाच असून तो ०.०१० इंच ग्राइंड करून वापरता येईल, असे मशीन शॉपने सांगितले आहे. अडले आहे ते पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या आठ कनेक्टिंग रॉडांपाशी.

मूळ रॉडांना तडे आहेत का ते तपासून, नवे बोल्ट घालून आणि बिग एंड (रॉडचे क्रँककडचे मोठे टोक) पुन्हा मापात आणून देण्याचे शॉपने सुमारे २५० डॉलर सांगितले आहेत. स्कॅट किंवा ईगल या कंपन्यांचा नवा फोर्ज्ड (दाबून घडवलेला) आय-बीम, म्हणजे आय आकाराच्या छेदाचा, संच त्याहून शंभरेक डॉलरने महाग पडतो. तिसरा पर्याय म्हणजे ६ इंच लांबीचे एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे) रॉड, ज्यांची स्तुती सर्वत्र वाचायला मिळते. गाडी रोजच्या रस्त्यावर चालेल, अधूनमधून ट्रेलर ओढेल, आणि इंजिन ५,५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर नेण्याचा माझा विचार नाही. टर्बो अथवा नायट्रस अशी ताकद वाढवणारी कोणतीही जोडणी बसवायची नाही. यातून कोणता पर्याय निवडावा?

वेगवेडा:
पैसे एकदाच घालायचे असतील तर ६ इंची एच-बीमच घ्यावेत, असे माझे मत आहे. रॉड लांब झाला की पिस्टनचा सिलिंडरच्या भिंतीवरचा बाजूचा दाब कमी होतो, आणि उद्या मन बदलून टर्बो बसवावासा वाटला तर इंजिन पुन्हा उघडावे लागणार नाही.

जुना_फिटर:
वेगवेडा यांचे म्हणणे तत्त्वतः चूक नाही, परंतु किती फरक पडतो हे मोजून पाहिल्याशिवाय खिशात हात घालू नये. ३५० चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ३.४८ इंच, म्हणजे क्रँकची त्रिज्या १.७४ इंच. मूळ रॉड ५.७ इंचांचा. रॉडचा जास्तीत जास्त कल ५.७ इंच लांबीला सुमारे १७.८ अंश येतो, तर ६ इंचांना १६.९ अंश. अंशभराचाही फरक नाही. पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हाच्या प्रवेगातही लांब रॉडमुळे जेमतेम एक टक्का घट होते. लांब रॉडचा खरा फायदा असा की पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन वर सरकते (पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची १.५६ ऐवजी १.२६ इंच होते) आणि त्यामुळे पिस्टन हलका होतो. पण त्यासाठी वेगळे, बहुधा महागडे पिस्टन घ्यावे लागतात.

आता आरपीएमकडे पाहा. जडत्वाचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ५,५०० वरून ६,५०० वर गेले की तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. ६,००० आरपीएमला पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून ९०० ग्रॅम धरले, तर एका रॉडवर दोन टनांहून अधिक ओढ येते, आणि ती दर फेऱ्याला येते. यात पुष्कळांचा एक गैरसमज असतो. रॉड स्फोटाच्या दाबाने तुटत असेल असे वाटते, पण स्फोट रॉडला दाबतो, आणि दाब सोसायला तो भक्कम असतो. त्याला खरा धोका असतो तो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, जेव्हा पिस्टन वर जाऊन एकदम उलटा फिरतो आणि त्याच्या डोक्यावर विरोध करायला वायूचा दाब नसतो. ती सगळी ओढ शेवटी बिग एंडच्या दोन बोल्टांवर येते. म्हणून रॉड निवडताना मी प्रथम बोल्ट पाहतो, आडवा छेद आय आहे की एच हे त्यानंतर.

फोर्जिंगवाला_पुणे:
मी फोर्जिंगच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून धातूविषयी थोडे लिहितो. जाहिरातीत ४३४० लिहिलेले असते ते पोलाद म्हणजे आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ज्याला ईएन २४ म्हणतात त्याचेच जवळचे भावंड होय: सुमारे ०.४ टक्के कार्बन, आणि त्यात निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम. ५१४० मध्ये निकेल आणि मॉलिब्डेनम नसतात, त्यामुळे ते स्वस्त पडते, पण नीट उष्णतोपचार केलेला ५१४० चा रॉड आपल्या ५,५०० आरपीएमला अगदी पुरेसा आहे. मूळ रॉड साध्या मध्यम कार्बनच्या पोलादाचे असले तरी तेही फोर्ज केलेलेच आहेत, त्यामुळे नव्या रॉडवरचा 'फोर्ज्ड' हा शब्द वाचून हुरळून जाऊ नये.

मला चिंता आहे ती वयाची. थकव्याची चीर बहुतेक वेळा पृष्ठभागावरून सुरू होते: पान्याचा ओरखडा, ठोकलेल्या आकड्याची खूण, किंवा जुन्या रॉडात बोल्टचे डोके बसवण्यासाठी कापलेला तीक्ष्ण कोपरा. चुंबकीय तपासणीत आज असलेली चीर दिसते. चाळीसेक वर्षांत त्या रॉडाने काय काय सोसले, हे तिच्यात दिसत नाही. पुष्कळ नव्या रॉडांत टोपी (बिग एंडचा सुटा अर्धा भाग) थेट रॉडात शिरणाऱ्या कॅप-स्क्रूने आवळलेली असल्याने बोल्टच्या डोक्यासाठीचा तो कोपराच उरत नाही. शंभर डॉलरचा फरक माझ्या मते इथेच वसूल होतो.

मिशिगनवासी:
आपले सर्वांचे आभार. म्हणजे ५.७ इंची आय-बीम, हे जवळजवळ ठरल्यासारखे आहे. मी पिस्टन स्वस्तातले हायपरयुटेक्टिक प्रकारचे (जास्त सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचे) पाहून ठेवले आहेत. त्या रॉडांच्या यादीत 'प्रेस फिट' आणि 'बुश्ड' असे दोन प्रकार दिसतात. किमतीत फारसा फरक नसेल तर बुश्ड घेणे चांगले नाही का?

जुना_फिटर:
थांबा, ऑर्डर करण्याआधी पिस्टन उलटा करून पाहा. बुश्ड रॉडात पिन मोकळी फिरते, त्यामुळे ती बाजूला सरकून सिलिंडरला घासू नये म्हणून पिस्टनमध्ये सर्क्लिपसाठी (पिन अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कडीसाठी) खाचा लागतात. स्वस्त पिस्टनांपैकी पुष्कळांना त्या नसतात. तशा पिस्टनांबरोबर बुश्ड रॉड आणले तर एक तरी वस्तू परत पाठवावी लागेल. मूळ इंजिनात पिन रॉडच्या स्मॉल एंडमध्ये (लहान टोकात) घट्ट बसवलेलीच, म्हणजे प्रेस फिट, होती आणि तुमच्या वापरासाठी ते उत्तम आहे. हे काम घरी हातोड्याने करू नका. शॉपमध्ये स्मॉल एंड तापवून पिन एका दमात सरकवतात. पिनचा व्यास ०.९२७ इंच आणि क्रँकचा जर्नल (रॉड बसतो तो गोल भाग) मुळात २.१०० इंच, ही दोन मापे ऑर्डरवर पुन्हा तपासा, कारण २८३ आणि सुरुवातीच्या ३२७ घन इंची इंजिनांचे जर्नल २ इंचांचे होते व त्यांचे रॉडही बाजारात विकले जातात.

आणि एक खर्च तुम्ही धरलेला दिसत नाही: बॅलन्सिंग. रॉड नवे आणि पिस्टन नवे, म्हणजे त्यांचे वजन मूळच्यासारखे राहणार नाही. शॉपवाला प्रत्येक रॉडचे मोठे टोक आणि लहान टोक वेगवेगळे तोलून, फिरणारे वजन पूर्ण आणि वरखाली होणारे वजन निम्मे धरून क्रँकवर तेवढी वजने अडकवतो आणि काउंटरवेटला (क्रँकवरच्या तोलाच्या वजनांना) भोके पाडून तोल साधतो. मूळ रॉड ठेवले तरी नव्या पिस्टनांमुळे हे करून घेणे बरे, म्हणून दोन्ही पर्यायांच्या हिशेबात ते सारखेच धरा.

वेगवेडा:
मान्य. टर्बोची गोष्ट मी माझ्या डोळ्यांपुढचे इंजिन पाहून लिहिली होती, त्यांच्या पिकअपचे नाही. तरी विचारतो: बोल्ट एआरपी २००० या भारी पोलादाचे घ्यावेत की साध्या ८७४० पोलादाचे पुरतात?

जुना_फिटर:
८७४० पुरतात. एआरपी २००० ची ताणशक्ती प्रति चौरस इंच २,२०,००० पौंड आहे, पण ५,५०० आरपीएमच्या रस्त्यावरच्या इंजिनाला तिची गरज पडत नाही. बोल्ट कोणताही असो, तो नीट आवळला गेला नाही तर त्याची ताकद वाया जाते. बोल्ट ओढीपेक्षा जास्त ताणून आवळलेला असला की दर फेऱ्याची चढउतार त्याला जवळजवळ जाणवत नाही. ढिला राहिला तर तीच चढउतार त्याला थकवून तोडते. टॉर्क पान्याच्या आकड्यातला मोठा भाग घर्षणात जातो, आणि आट्यांना साधे इंजिन ऑइल लावले की बोल्टबरोबर आलेले ग्रीस, यावर तो आकडा बदलतो. म्हणून शक्य असेल तर स्ट्रेच गेज उसने आणून बोल्ट किती लांबला ते मोजा, आणि लांबीचा आकडा त्या रॉडबरोबर आलेल्या कागदावरचाच घ्या.

मिशिगनवासी:
प्रेस फिटचे ५.७ इंची आय-बीम मागवले. पिस्टनला खाचा नव्हत्या, जुना_फिटर यांनी वेळीच सावध केले. बॅलन्सिंगसाठी क्रँक, रॉड, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग शेल एकत्रच शॉपला द्यायचे ठरले आहे. जोडणीविषयी एकच शंका उरली आहे: एका जर्नलवर दोन रॉड बसतात, त्यांची दिशा कशी ओळखावी?

फोर्जिंगवाला_पुणे:
बिग एंडच्या एका बाजूची कड जास्त तासलेली दिसेल. ती बाजू क्रँकच्या गालाकडे, म्हणजे गोलाई असलेल्या कोपऱ्याकडे ठेवा, आणि दोन्ही रॉडांच्या सपाट बाजू एकमेकींना भिडू द्या. उलटे बसले तर बेअरिंगची कड गोलाईवर चढते. टोप्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. प्रत्येक टोपी तिच्याच रॉडवर बोअर केलेली असते.