'मृत्युंजय' पुन्हा वाचतेय, निम्म्यावर आलेय, आणि मत बदलतंय

पानगळ

सध्या काय वाचतेस, असं कुणी विचारलं की हल्ली मी विषय बदलते. कारण शिवाजी सावंतांची कर्णावरची 'मृत्युंजय' पुन्हा हातात घेतलीय, आणि जे वाटतंय ते आमच्या घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही. आईच्या लेखी त्या पुस्तकाची जागा ज्ञानेश्वरीच्या लगेच खालच्या फळीवर.

अकरावीच्या मे महिन्यात पहिल्यांदा वाचली होती. चार दिवसांत. ताटात काय वाढलंय तेही कळत नव्हतं. शेवटाला इतकी रडले की आजीला वाटलं, हिचा निकाल लागला. आता त्रेचाळिसाव्या वर्षी तीन आठवडे झाले, जेमतेम द्यूतसभा ओलांडलीय.

अडतं कुठे? एक म्हणजे भाषा. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण, कृष्ण असे सहा जण आपापली कहाणी सांगतात. केवढी धाडसी बांधणी, ती पण १९६७ सालात! पण सहाही जण बोलतात एकाच आवाजात. प्रत्येकाला उपमा सुचतात, त्याही झळाळत्या. सूर्य तर पानापानावर उगवतो. दुर्योधनाला तरी जरा रुक्ष बोलू द्यायचं होतं.

दुसरं कारण जरा अडचणीचं आहे. शेजारी इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' उघडं ठेवून वाचतेय. दोन्ही पुस्तकं १९६७ चीच. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, त्याच्या आदल्या वर्षी पुरी झाली होती. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम, हजारावर हस्तलिखितं तपासलेली. बाई त्या आवृत्तीच्या आधारानं लिहितात आणि कर्णाचं काहीच झाकत नाहीत. घोषयात्रेत, म्हणजे वनात गाईगुरं पाहायला गेले तेव्हा, गंधर्वांपुढे तो दुर्योधनाला सोडून पळतो. विराटाच्या गाई पळवायला गेले तेव्हा एकट्या अर्जुनानं सगळ्यांना पिटाळलं, त्यात हाही होता. आणि स्वयंवरातलं द्रौपदीचं 'सूताला वरणार नाही' हे वाक्य चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात नाहीच, नंतरची भर म्हणून तळटीपेत गेलंय! कादंबरीतल्या कर्णाची अर्धी जखम त्या एका वाक्याची.

थोडक्यात, ही कादंबरी विशीच्या आत वाचावी आणि मग कपाटात ठेवून द्यावी. पुन्हा उघडली की आपलीच आठवण नासते. सोडला धागा, आता झोडा.

गणितमास्तर

ताई, निम्म्या पेपरावर मार्क देत नाहीत. आधी पुरी करा.

भाषेचं म्हणाल तर तुम्ही ती मनातल्या मनात वाचताय, चूक तिथेच आहे. आमच्याकडे वडील रात्री ओसरीवर बसून 'मृत्युंजय' मोठ्यानं वाचायचे. आजीला अक्षरओळख नव्हती, शेजारच्या दोघीतिघी येऊन बसायच्या. एक प्रकरण पुरायचं आठवडाभर. त्या उपमा तुम्हाला एका बैठकीत चाळीस पानं वाचताना टोचतात. कंदिलाच्या उजेडात रोज पाचसात पानं ऐकली तर त्याच उपमा खुणेच्या दगडासारख्या असतात, काल कुठे थांबलो ते त्यांच्यावरून कळतं. कीर्तनकार तोच दृष्टान्त पुन्हा का घेतो, असं आपण विचारतो का?

सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात शाळामास्तर, आणि पुस्तक आलं तेव्हा वय सत्तावीस. ऐकणाऱ्यांच्या मुलखातला माणूस आहे तो.

आता ते तळटीपेतलं वाक्य. सावंतांनी ते पदरचं घातलेलं नाही. नीलकंठी पाठात ते आहे. नीलकंठ चतुर्धर आपला कोपरगावचा, सतराव्या शतकात काशीला राहून त्यानं महाभारतावर टीका लिहिली. पिढ्यान् पिढ्या लोकांनी जे महाभारत ऐकलं त्यात द्रौपदी ते बोलते. पुण्याच्या विद्वानांनी वाक्य तळाशी नेलं म्हणून लोकांच्या कानातून ते जाणार आहे का?

शंकासुर

कानात बसलं म्हणून खरं? मग वृषालीही खरीच म्हणायची. व्यासांकडे त्या नावाची बाई मला तरी दाखवा. माझ्या मेव्हण्यानं मुलीचं नाव ठेवलं वृषाली, 'महाभारतातलं नाव आहे' म्हणून बारशाला सगळ्यांना सांगत होता. मी पेढा खाऊन गप्प बसलो.

कादंबरी म्हणून वाचा, माझी हरकत नाही. पण आपल्याकडे लोक तिचे दाखले देतात! वादात 'कर्णावर अन्याय झाला' याला पुरावा काय, तर 'मृत्युंजय'. म्हणजे सिनेमा बघून खटला चालवायचा. (हलके घ्या.)

माळरान

हलकं घेता येत नाहीये, म्हणून लिहितोय.

आमच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज आलेलं पहिलं पुस्तक हेच. तालुक्याच्या वाचनालयातलं, मधली काही पानं नसलेलं. मी घरातला पहिला पदवीधर. राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या आखाड्यात कृपाचार्य कर्णाला विचारतात, तुझं कुळ सांग, आईबाप सांग, मग अर्जुनाशी लढ. तो प्रसंग वाचला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, आणि हॉस्टेलला त्याच आठवड्यात मला एकानं आडनावावरून गाव, गावावरून वाडा आणि वाड्यावरून जे काढायचं ते काढून दाखवलं होतं. भीम म्हणतो ना, चाबूक घे हातात, तेच तुला शोभतं? तसंच बोलला होता, फक्त हसत हसत.

हा प्रसंग तळटीपेत नाही. तुमच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ पाठातच आहे. मी नंतर मुद्दाम पाहिला.

पानगळताई, तुम्ही म्हणता विशीच्या आत वाचावी. कुळ विचारणं विशीनंतर थांबतं, असा तुमचा अनुभव असेल. मला पन्नाशीतही सोसायटीत फ्लॅट बघायला गेल्यावर पूर्ण नाव विचारतात. तेव्हा ती कादंबरी माझ्या उपयोगी पडते, उपमांसकट.

पानगळ

माळरान, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझं वाक्य माझ्यापुरतं होतं, ते सगळ्यांना लावायला नको होतं. मागे घेते. उपमांबद्दलचं नाही घेत.

कुंदा_रत्नागिरी

मला माळरान यांचं सगळं पटलं आणि तरी एक गोष्ट राहतेच. जन्मावरून अपमान झाला हे खरं. मग त्याचं उट्टं कुणावर?

द्यूताच्या भर सभेत धाकटा विकर्ण उभा राहून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कौरवांमधला पोरगा, पण बोलतो. त्याला गप्प कोण करतं? कर्ण. तिला बंधकी, म्हणजे वेश्या, कोण म्हणतं? कर्ण. पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे, हे दुःशासनाला सांगणारा कोण? शकुनी नव्हे, दुर्योधन नव्हे. हे सगळं चिकित्सक पाठात आहे. म्हणजे जे वाक्य ती बोललीच नाही त्याचा सूड आपण शतकानुशतकं तिच्यावर उगवू दिला, आणि जे वाक्य तो बोलला त्याला सबबी शोधल्या.

कादंबरीत हा प्रसंग नाही असं म्हणत नाही मी. पण मांडणी अशी की आधी त्याची जखम पानंच्या पानं उघडी करायची, म्हणजे शब्द बाहेर पडेपर्यंत वाचणारा त्याच्या बाजूला जाऊन बसलेला असतो. लेखकाचं कसब आहे ते. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. मी शाळेत शिकवते. वक्तृत्वाला दरवर्षी किमान तीन कर्ण येतात, गहिवरून बोलतात. द्रौपदी होऊन अजून एकही मुलगी आली नाही.

गणितमास्तर

कुंदाताई, दुखावलेला माणूस दुबळ्यावरच घसरतो, हे कादंबरीनं दाखवलं तर तो दोष कसा?

कुंदा_रत्नागिरी

दाखवलं असतं तर दोष नव्हता, मास्तर. इथे त्याला समजून घ्यायला सहाशे पानं आणि तिला मात्र निवेदनाचं एक प्रकरणही नाही. सहा निवेदकांत कुंती आहे, वृषाली आहे. द्रौपदी कुठेय?

बेळगावकर

मधेच घुसतो. सध्या भैरप्पांचं 'पर्व' वाचतोय, महाभारतावरचीच कादंबरी, कन्नडमधून. (उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद बायको वाचतेय. मी पुढे आहे, पण ती म्हणते तू पानं गाळतोस.) ज्यांना सूर्याचा त्रास होतो त्यांनी इकडे यावं. देव नाहीत, वर नाहीत, शाप नाहीत. सुरुवातच मद्र देशातल्या म्हाताऱ्या शल्यापासून, घरातल्या लग्नाच्या कटकटीनं. सगळे वीर वयस्क, सांधे धरलेले. युद्ध सुरू झाल्यावर आधी प्रश्न येतो तो इतक्या माणसांनी बसायचं कुठे, खायचं काय आणि प्रेतांची दुर्गंधी कशी सोसायची.

पण खरं सांगू का, पाचशे पानांनंतर मला शंखाचा आवाज ऐकावासा वाटायला लागला. एक तरी माणूस छाती काढून काहीतरी भव्य बोलेल म्हणून वाट बघतोय. भैरप्पांना सगळं कळतं, पण अंगावर काटा येऊ देत नाहीत. तुमच्या आईला 'पर्व' देऊ नका, पानगळ. घरात महाभारत होईल.

शंकासुर

'पर्व'मधली नियोगाची (नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देण्याची) प्रकरणं सासऱ्यांच्या हाती लागली होती आमच्याकडे. पुस्तक अजून सापडलेलं नाही.

जुनी_पोथी

सगळे दोन गट करून बसलात. एकीकडे व्यास, कोरडे आणि खरे. दुसरीकडे सावंत, गोड आणि खोटे. मला ही वाटणीच चुकीची वाटते. पानगळ, 'युगान्त' मिटवा आणि थोडे दिवस थेट महाभारतातलं उद्योगपर्व घ्या. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन बाहेर जातो आणि जन्माचं गुपित सांगतो, तो भाग. राज्य तुझं, पाचही भाऊ तुझे पाय धरतील, द्रौपदीही तुझी, असं सगळं पुढ्यात टाकतो.

कर्ण काय उत्तर देतो? माझ्यावरच्या मायेनं राधेला, मला वाढवणाऱ्या आईला, तत्काळ पान्हा फुटला. तिनं माझं हगणंमुतणं काढलं. तिचा पिंड मी कसा बुडवू? तिच्या नवऱ्यानं, अधिरथानं, माझं जातकर्म केलं, नाव ठेवलं, वयात आल्यावर लग्नं करून दिली, मला मुलं झाली, नातवंडं झाली. (शंकासुर, बायका अनेक आहेत. एकीचंही नाव मात्र तो घेत नाही. तुमच्या मेव्हण्याला दिलासा देता येणार नाही.) पुढे तो म्हणतो, हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळलं तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन.

आणि कुंदाताई, तुमच्यासाठी: दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे टाकून बोललो त्याचा आज ताप होतो, अशी कबुली त्याच संवादात आहे. म्हणजे पश्चात्ताप सावंतांनी शोधलेला नाही. व्यासांनीच दिलाय.

माझी तक्रार उलटी आहे. सावंतांनी कर्णाला मोठं केलं म्हणून ओरडा होतो. मला वाटतं व्यासांचा कर्ण होता त्याहून लहान झाला. हगणंमुतणं काढलं, या दोन शब्दांत राजपद नाकारणारा माणूस आहे तो. त्याला सूर्याच्या उपमांची गरजच काय?

कुंदा_रत्नागिरी

'पांडवांना' टाकून बोललो म्हणतो ना? तिचं नाव घेतो का?

जुनी_पोथी

पाहिलं. नाही घेत.

माळरान

पोथीसाहेब, उद्योगपर्व घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात चिकित्सक आवृत्तीचे खंड नव्हते, आणि असते तरी मला संस्कृत कुणी शिकवलं होतं? 'मृत्युंजय' होती, दोन प्रती, दोन्ही फाटलेल्या. राधेच्या हातचं जे मला मिळालं ते सावंतांकडून मिळालं. पातळ केलेलं असेल. पण माझ्यापर्यंत पोचलं.

तो संवाद मात्र आज वाचणार. मराठी भाषांतर कुठलं चांगलं, तेवढं सांगा.

गणितमास्तर

वा! शेवटी मार्क कुणाला द्यायचे, ताई?

पानगळ

मार्क नंतर. काल रात्री जुनी_पोथींनी सांगितलेला भाग वाचला, आणि आज सकाळी, दहावीला असलेली भाची आलीय तिला चहा पिता पिता आईसमोरच सांगितला. म्हटलं बघ, व्यासांनी किती साध्या शब्दांत लिहिलंय. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे त्या पुस्तकातही आहे की राधेचं. तू वाचतेस कुठे, तू चुका काढतेस." मग आत गेली.

दुपारी पाहते तर माझी प्रत जागेवर नाही. भाची गॅलरीत पालथी पडून वाचतेय, माझी खूण काढून तिची घातलीय. परत दे म्हटलं तर म्हणते, "मावशी, थांब ना, आत्ताच त्याला सूतपुत्र म्हणालेत." त्यामुळे पुढचं मत लांबलं. तोवर 'पर्व'चा अनुवाद कुणाकडे असेल तर सांगा, मी न हरवता परत देते.