एव्हीमोरचे लिफ्ट पास आत्ताच घ्यावेत का?

नानाकाका (पुणे): सर्वांना नमस्कार. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी, माई आणि सोनू एडिंबऱ्याला येत आहोत, हे ठरलेच आहे. त्यातले चार दिवस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एव्हीमोर गावी राहून जवळच्या केर्नगॉर्म डोंगरावर स्कीइंग करायचे, असा सोनूचा हट्ट आहे. हॉटेल पाहून ठेवले आहे. स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा सलग चार दिवसांचा पास रोजच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो, म्हणून तोही घेऊन टाकावा असे मनात आहे. दादा, पैसे भरण्यापूर्वी तुझे मत हवे.

दादा (एडिंबरा): काका, हॉटेल अवश्य घ्या, फक्त रद्द करता येईल असे पाहा, पास मात्र आत्ता घेऊ नका. इथे आपल्याला स्की करता येईल की नाही, हे बर्फापेक्षा वारा ठरवतो आणि वाऱ्याचा खरा अंदाज आदल्या संध्याकाळपर्यंत लागत नाही. केर्नगॉर्म शिखराची उंची १,२४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे चारशे मीटरने कमी. तरीही तिथे बर्फ टिकतो, कारण हा भाग ५७ अंश उत्तरेला आहे. पण अटलांटिकवरून येणारी वादळे अडवायला पश्चिमेला आल्प्ससारखी उंच भिंत नाही. २० मार्च १९८६ रोजी या शिखरावर ताशी १७३ मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आहे. तो अर्थातच टोकाचा दिवस होता, पण वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट बंद राहणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

नानाकाका (पुणे): वर जायला आगगाडीसारखी काही सोय आहे, असे वाचले. ती वाऱ्यात चालत नाही का?

दादा (एडिंबरा): ती फ्युनिक्युलर. १९६१ पासून तिथे खुर्चीची लिफ्ट होती आणि ती वाऱ्यापायी वारंवार थांबवावी लागे, म्हणूनच २००१ च्या अखेरीस रुळांवरची ही गाडी आली. जवळजवळ ११०० मीटर उंचीवरच्या टार्मिगन स्थानकापर्यंत ती जाते आणि खुर्चीपेक्षा बराच जास्त वारा सोसते. पण तिचे नशीब वेगळ्याच कारणाने फुटले. रूळ ज्या खांबांवर आणि तुळयांवर उभे आहेत, त्यांच्या मजबुतीचा प्रश्न निघाल्याने २०१८ मध्ये ती बंद झाली. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा बंद पडली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परत धावू लागली. वाऱ्यावर उपाय म्हणून आणलेली गाडी सिमेंटने अडवावी, याला काय म्हणावे! निघण्याच्या दिवशी ती चालू आहे ना, एवढे बघून घेऊ.

माई आत्या (पुणे): अरे नाना, माझ्या गुडघ्यांकडे बघ आणि मला या मोजणीतून वगळ. मी वर जाऊन चहा घेईन आणि तुम्हाला पडताना पाहीन.

वहिनी (एडिंबरा): आत्या, तुमचा बेत सर्वांत शहाणपणाचा आहे. मात्र वरच्या स्थानकाबाहेर ढगात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही असे दिवस पुष्कळ असतात, तेव्हा एकट्या बाहेर फिरायला निघू नका.

सोनू (पुणे): दादा, मला स्नोबोर्डच करायचा आहे, स्की नको. आणि लिफ्ट म्हणजे खुर्चीवर बसून जायचे ना?

दादा (एडिंबरा): सोनू, इथे बहुतेक ठिकाणी तुला बसायला मिळणार नाही. खुर्ची हवेत लटकते आणि वाऱ्याने झुलते, म्हणून स्कॉटलंडमध्ये जमिनीवरून ओढत नेणाऱ्या लिफ्ट अजून इतक्या आहेत: टी-बार आणि गोल चकतीची पोमा. टी-बार म्हणजे उलट्या टी अक्षरासारखा दांडा. स्की करणारे तो मांड्यांच्या मागे धरून उभे राहतात आणि दोर त्यांना वर ओढतो. त्यावर बसायला गेलेला माणूस खाली आपटतो, हे लक्षात ठेव. स्नोबोर्डवर ते आणखी अवघड, कारण मागचा पाय बोर्डमधून सोडवून, दांडा पुढच्या मांडीच्या आतल्या बाजूला अडकवून, बोर्ड सरळ वरच्या दिशेने ठेवावा लागतो. शिकाऊ बोर्डरांची पडण्याची पहिली जागा उतार नसून ही लिफ्टच असते. शिवाय सुरुवातीला मनगटावर आणि माकडहाडावर आपटायला होते, म्हणून मनगटाचे पट्टे आणि हेल्मेट घ्यायचेच. पहिल्या दिवशी थोडेफार घसरल्याचा आनंद हवा असेल तर स्की बरी; पहिला दिवस बर्फात बसून काढायची तयारी असेल तर बोर्ड घे.

सोनू (पुणे): बसून काढीन. बोर्डच.

वहिनी (एडिंबरा): मग एव्हीमोरला जाण्यापूर्वी इथे हिलएंडला एक-दोन तास घाल. शहराच्या दक्षिण कडेला, पेंटलंड टेकड्यांच्या उतारावर ब्रशसारख्या चटईचा कृत्रिम उतार आहे. त्याला बर्फ लागत नाही आणि शहराच्या बसने तिथे पोहोचता येते. चटईवर हात खरचटतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे लागतात. काका, बूट भाड्याने घेताना घाई करू नका. मोजा एकच, लांब आणि पातळ असावा. थंडीच्या भीतीने दोन जोड घातले की रक्त अडते आणि पाय जास्तच गारठतो. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकावीत, तेव्हा माप बरोबर समजावे. जीन्स घालून कोणी उतारावर जाऊ नये; ती भिजते आणि मग दिवसभर वाळत नाही.

नानाकाका (पुणे): एवढा सगळा खटाटोप आणि शेवटी वाऱ्याची मर्जी. मग स्वित्झर्लंडलाच का जाऊ नये?

वहिनी (एडिंबरा): खात्रीचा बर्फ एवढेच हवे असेल, तर खरोखर तिकडे जावे, काका. मी तर दरवर्षी हेच म्हणते.

दादा (एडिंबरा): मी सहमत नाही, पण कारण वेगळे आहे. इथे वारा माळावरचा बर्फ उडवून घळींत आणि खोलगट जागी नेऊन टाकतो, म्हणून उतारांच्या कडेने लाकडी पट्ट्यांची कुंपणे उभारलेली असतात. त्यांच्या आडोशाला जो बर्फ साचतो, त्याचीच पुष्कळदा स्कीवर घसरत उतरायची धावपट्टी होते. दोन्ही बाजूंना हेदरची तपकिरी, खुरटी झुडपे आणि मध्ये पांढरा पट्टा, असे चित्र दिसले तर निराश होऊ नका. आर्द्र वाऱ्याने त्या कुंपणांवर पिसांसारखे बर्फ चढते आणि ते वारा येतो त्याच दिशेने वाढत जाते, हे पाहण्यासारखे असते. आल्प्समध्ये सर्व तयार मिळते. इथे सकाळी उठून निर्णय घ्यावा लागतो आणि मला त्यातच मजा वाटते.

नानाकाका (पुणे): निर्णय म्हणजे नेमका कसला?

दादा (एडिंबरा): कोणत्या डोंगरावर जायचे, हा. स्कॉटलंडमध्ये डोंगरावरची पाच स्की केंद्रे आहेत. एव्हीमोरहून केर्नगॉर्म अगदी जवळ. लेख्ट साधारण तासाभरावर. ते लहान आणि सौम्य आहे, नवशिक्यांना तेच मी सुचवीन. फोर्ट विल्यमजवळचे नेव्हिस रेंज १९८९ मध्ये सुरू झाले आणि तिथे गोंडोलाने, म्हणजे दोरावर लटकणाऱ्या बंद डब्याने वर जाता येते, मात्र जोराच्या वाऱ्यात गोंडोलाही थांबतो. ग्लेनको सर्वांत जुने, १९५६ पासूनचे. त्याचा फ्लायपेपर नावाचा उतार इतका खडा आहे की सोनूने त्याचा फोटोच पाहावा. ग्लेनशी सर्वांत मोठे, पण एव्हीमोरपेक्षा एडिंबऱ्याहून सोयीचे. तिथला ए-९३ रस्ता सुमारे ६७० मीटर उंचीवरून जातो आणि हिमवादळात फाटके लावून बंद केला जातो. लेख्टच्या रस्त्याचीही तीच गत आहे. म्हणून सकाळी आधी रस्त्याची स्थिती, मग लिफ्टची, मग नाश्ता.

माई आत्या (पुणे): नाश्ता आधी.

दादा (एडिंबरा): आत्या, तुझ्यासाठी नाश्ता आधी. काका, आखलेल्या धावपट्ट्यांबाहेर मात्र कोणीही जायचे नाही. हिमस्खलनाचा धोका इथेही असतो आणि त्याचे अहवाल हंगामात सहा विभागांसाठी रोज निघतात. प्रवासाच्या विम्यात हिवाळी खेळ वेगळे नमूद करून घ्या, साध्या विम्यात ते पुष्कळदा नसतात.

नानाकाका (पुणे): समजले. हॉटेल रद्द करता येणारे घेतो आणि पास तिथे आल्यावर घेऊ. शिकवणीचे काय, तीही आयत्या वेळी ठरवायची का?

दादा (एडिंबरा): नाही, ती आधी नोंदवावी लागेल. फेब्रुवारीच्या मध्याला इथल्या शाळांना सुट्टी असते आणि नवशिक्यांचे वर्ग भरून जातात. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग धरू, म्हणजे एक दिवस वाऱ्यात गेला तरी दुसरा हाती राहील. पैसे भरण्यापूर्वी वर्ग रद्द झाल्यास परतावा कसा मिळतो, ते मी विचारून इथेच कळवतो. सोनू, तुझी उंची, वजन आणि बुटाचे माप आज रात्री पाठव. बोर्ड त्यावरून राखून ठेवता येतो.