सोरायसिसमध्ये पथ्य नेमके कशाचे पाळावे?

रानजाई
माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात लाल चट्टे उठतात, त्यांवरून चंदेरी पापुद्रे सुटतात आणि थंडीत त्रास वाढतो. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले मलम आणि आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. काळजी वाटते ती जेवणाची. नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्यांनी आधी वांगे आणि दही सोडले, मग मासे, टोमॅटो, शेंगदाणे आणि आता गहूही. ताटात भात, मुगाचे वरण आणि दुधीची भाजी एवढेच उरले आहे, तरी चट्टे जिथल्या तिथे आहेत. वजन पूर्वीपासून जास्त आहे आणि शनिवारचे मद्यपान थांबलेले नाही. आहाराने खरोखर फरक पडतो का, आणि पडत असल्यास कशाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुपथ्या
मी आहारतज्ज्ञ आहे. निरोगी त्वचेच्या पेशी साधारण महिनाभरात वर येऊन गळून जातात. सोरायसिसच्या चट्ट्यात रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे हेच चक्र अवघ्या काही दिवसांत पूर्ण होते. पोटावरची चरबी दाह वाढवणारी द्रव्ये सतत रक्तात सोडत असते, त्यामुळे ज्यांचे वजन जास्त आहे त्यांच्यासाठी ते उतरवणे हाच आहारातला सर्वांत भक्कम आधार असलेला उपाय आहे. अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने 2018 मध्ये तोवरचे अभ्यास तपासून, जादा वजनाच्या रुग्णांना कमी उष्मांकांच्या आहाराची ठाम शिफारस केली. ग्लुटेन (गव्हातले एक प्रथिन) टाळण्याची शिफारस मात्र रक्तात ग्लुटेनसंबंधी प्रतिपिंडे सापडलेल्यांपुरतीच आहे आणि तीही सौम्य शब्दांत.

वांगे किंवा टोमॅटो सरसकट सर्वांनी सोडावा असा पुरावा नाही. मद्य मात्र आजच थांबवावे, कारण त्याने सोरायसिस बळावू शकतो आणि मेथोट्रेक्सेटबरोबर ते यकृतावर दुहेरी भार टाकते. घरात फोडणीचे तेल बाटलीतून थेट कढईत ओतले जात असेल, तर ते चमच्याने मोजावे. 5 मिलीच्या एका चमच्यात सुमारे 45 उष्मांक असतात आणि दोन्ही वेळच्या भाज्या-आमट्यांत मिळून त्यांची बेरीज मोठी होते. भात निम्मा करून त्या जागी उसळ, पालेभाजी आणि ज्वारीची भाकरी वाढावी. नुसत्या भात-वरणावर राहिल्यास प्रथिने कमी पडतात आणि चरबीऐवजी स्नायू झिजतात.

दर्यावर्दी
मलाही हाच आजार आहे. आहार सुधारल्यावर माझे वजन हळूहळू उतरले आणि त्याच औषधांचा गुण पूर्वीपेक्षा चांगला येऊ लागला. औषध सुटलेले नाही आणि सोडण्याचा विचारही नाही. बांगडा आणि तारली मी आवडीने खातो, फक्त तळण्याऐवजी तिखले करतो. एक कळकळीची विनंती आहे: कोणी लेबल नसलेल्या पुड्या आणून दिल्या तर त्या देऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते आणि ते अचानक बंद झाले की आजार भयंकर उसळतो. वडिलांची बोटे सकाळी आखडत किंवा सुजत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो.

औदुंबर
मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे. त्वचाविकारांत विरुद्ध आहार टाळावा, उदाहरणार्थ मासे आणि दूध एकत्र घेऊ नयेत, हे आमच्या शास्त्रात सांगितलेले आहे. परंतु पथ्य रुग्णाची प्रकृती आणि अग्नी पाहून ठरवायचे असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलेल्या सगळ्या याद्या एकत्र करून माणसाला अर्धपोटी ठेवणे आयुर्वेदालाही मान्य नाही. एखाद्या पदार्थाने त्रास होतो अशी शंका असेल, तर तेवढाच काही आठवडे थांबवून पाहावा आणि फरक न पडल्यास पुन्हा सुरू करावा.

रानजाई
सर्वांचे मनापासून आभार. मद्याविषयी वडिलांशी आजच बोलते. गहू काही दिवसांपासून बंद आहे. ग्लुटेनसंबंधी प्रतिपिंडांची रक्ततपासणी आता केली तर चालेल का?

सुपथ्या
गहू बंद असताना प्रतिपिंडांचे प्रमाण उतरू शकते आणि अहवाल फसवा येऊ शकतो. म्हणून तपासणीची खरोखर गरज आहे का, आणि असल्यास त्याआधी किती आठवडे रोज पोळी खावी, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. जुलाब, पोट फुगणे किंवा रक्तक्षय असेल, तर तेही त्यांना आवर्जून सांगा.